शीव : एका सरहद्दीचा भूगोल व कारभार

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे वर्षातून दोन-चार वेळा तरी मुंबईस जाणे होते. कोणी मंत्रालयात अर्जाचा पाठपुरावा करण्यास जातो, कोणी उच्च न्यायालयातील दाव्याच्या तारखेस, कोणी दुखणाइतास मोठ्या इस्पितळात दाखविण्यास, तर कोणी मुलाच्या बिऱ्हाडी. ठाण्याकडून येणारी गाडी कुर्ला सोडून निघाली की काही मिनिटांत शीव लागते. त्या वेळी आपण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात, एका जिल्हाधिकाऱ्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत आणि एका प्रकारच्या जमीनदप्तरातून निराळ्या प्रकारच्या दप्तरात प्रवेश केला, हे फारच थोड्यांच्या ध्यानात येते. इंग्रजी पाट्यांनी या गावाचे 'सायन' केले. तथापि मूळ शब्द शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचा आहे. शीव म्हणजे सीमा, गावाची हद्द. शिवार हा शब्द याच कुळातला. ज्या गावाचे नावच हद्द असे पडले, त्याचा भूगोल व कारभार यांची हकीकत जमीनधारकांनी जाणून घेणे अवश्य आहे, असे आम्हांस वाटते. कारण हद्द सरकली म्हणजे शेताचे काय होते, हे या एका ठिकाणी तीनशे-साडेतीनशे वर्षांच्या अनुक्रमाने पाहावयास मिळते.

स्थलवर्णन

मुंबईचे बेट म्हणून आज जे ओळखले जाते ते पूर्वी सात निरनिराळी बेटे होती : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम. यांपैकी परळच्या बेटाचे उत्तरेकडील टोक म्हणजे शीव. येथे एक लहानशी शंक्वाकृती टेकडी असून तिच्या माथ्यावर शिवचा किल्ला आहे. टेकडीच्या उत्तरेस व पश्चिमेस माहीमच्या खाडीची दलदल, पूर्वेस वडाळ्याकडे उतरत जाणारी खाजणे व मिठागरे, आणि दक्षिणेस माटुंगा, दादर व परळ यांच्या बाजूला सखल भातजमीन, अशी या भागाची मूळची रचना होती. खाडीपलीकडे साष्टीचे मोठे बेट लागते. साष्टी हे नाव सहासष्ट गावांवरून पडले असे मानतात. साष्टीच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस ठाण्याची खाडी व उत्तरेस वसईची खाडी असून मध्यभागी डोंगराळ प्रदेश आहे.

या डोंगराळ भागातून येणारे पाणी मिठी नदीने शिवेकडे येते. विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ही नदी सुमारे अठरा किलोमीटर वाहत कुर्ला व धारावी यांच्या बाजूने माहीमच्या खाडीस मिळते. विहार तलाव इ. स. १८६० च्या सुमारास पुरा झाला. नदी लहान आहे. परंतु ओढा लहान म्हणून त्याची उपेक्षा करू नये, ही गोष्ट शेतकऱ्यास सांगावयास नको. २००५ च्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच काळात कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटरच्या आसपास झाला होता. साष्टीच्या अंगावर पडलेले ते सर्व पाणी भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी तुंबले आणि कुर्ला, कलिना, शीव येथील सखल वस्त्या बुडाल्या. पात्र आखडलेले, काठची खाजणे भरून टाकलेली, आणि नदीचा वरचा भाग एका जिल्ह्यात तर मुखाकडील दक्षिण तीर दुसऱ्या जिल्ह्यात, असा प्रकार होता. पुरानंतर त्याच वर्षी या नदीपुरते एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापावे लागले. पाणी कागदावरची हद्द ओळखत नाही, सबब हद्दीवरच्या पाण्याची जबाबदारी कोणाची हे आधीच ठरलेले असावे, हा यातील पहिला धडा होय.

शीव सरहद्द कशी झाली

इ. स. १५३४ च्या तहाने वसई, साष्टी व मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली. पुढे १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार झाला, त्यात मुंबई इंग्रजांस आंदण मिळाली. परंतु 'मुंबई' म्हणजे नेमके किती, हे करारात स्पष्ट नव्हते. मुंबई म्हणजे फक्त दक्षिणेकडील एक बेट, असा पोर्तुगीजांचा अर्थ. तर सभोवतालची गावेही त्यातच आली, असा इंग्रजांचा. शेवटी १६६५ साली ताबा मिळाल्यावर वर्ष-दीड वर्षात इंग्रजांनी माहीम, शीव, धारावी व वडाळा ही गावे आपल्या ताब्यात ओढली. आमच्या गावांत खरेदीखतात चतुःसीमा मोघम लिहिल्यामुळे जे तंटे होतात, त्याच मासल्याचा हा तंटा होता. फरक इतकाच की येथे वादी व प्रतिवादी दोन राज्ये होती. १६६८ मध्ये राजाने हे बेट वर्षास दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस दिले. गव्हर्नर जेरॉल्ड ऑन्जिए याच्या अमदानीत, १६६९ ते १६७७ या काळात, शिवच्या टेकडीवर किल्ला उभा राहिला आणि शीव ही खरोखर राज्याची शीव झाली.

१७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली व १७३९ मध्ये वसई सर केली. तेव्हापासून १७७४ च्या अखेरपर्यंत शिवेच्या उत्तरेस पेशव्यांचा अंमल व दक्षिणेस कंपनीचा, अशी स्थिती राहिली. धारावीच्या बाजूस असलेला काळा किल्ला १७३७ सालचा आहे, हा योगायोग नव्हे. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे राहिली.

सरहद्दीचे राजकीय महत्त्व संपल्यावर ती ओलांडण्याची सोय झाली. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या काळात शीव व कुर्ला यांना जोडणारा बांधरस्ता १७९८ मध्ये सुरू होऊन १८०५ च्या सुमारास पुरा झाला. साष्टीतील भात, भाजी, गवत व लाकूड मुंबईच्या बाजारात गाडीने येऊ लागले ते या रस्त्याने. त्यावर जकात बसविली होती. ती १८३१ मध्ये उठली. माहीम व वांद्रे यांमधील बांधरस्ता १८४५ मध्ये झाला, आणि १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, तीही शिवेवरूनच गेली.

शिवेच्या अलीकडची व पलीकडची जमीनधारा

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने मुख्य विषय म्हणजे जमिनीचा. बेटावरील जमिनीच्या धारा घाटावरच्या रयतवारीहून अगदी भिन्न होत्या. पोर्तुगीज अमलात मोठ्या जमिनी लष्करी चाकरीच्या अटीवर दिलेल्या असत. ऑन्जिएने १६७४ साली जमीनधारकांशी करार करून वर्षास २०,००० झेराफीन नाणी सर्वांनी मिळून द्यावीत व त्याबदली आपले हक्क निर्वेध भोगावेत असे ठरविले. या धारेस पुढे 'पेन्शन अँड टॅक्स' असे नाव पडले. दुसरा प्रकार टोका. यात भातजमिनीच्या उत्पन्नाचा वाटा सरकारास धान्यरूपाने मिळे व पुढे त्याचे रोख रकमेत रूपांतर झाले. तिसरा प्रकार फोरास. वरळी व महालक्ष्मी यांमधील भगदाडातून भरतीचे पाणी बेटाच्या पोटात शिरत असे. तेथे १७८४ च्या सुमारास बांध पुरा झाल्यावर आतील खारवट जमीन हळूहळू लागवडीस आली. अशी जमीन सुधारणाऱ्यास हलक्या साऱ्याने देत, तीस फोरास म्हणत. १८५१ च्या सहाव्या कायद्याने या जमिनींवरील धारकांचे हक्क निश्चित झाले.

कोकणातील वाचकांस खार जमिनीची मेहनत ठाऊक आहेच. भरती अडविण्यास बाहेरचा बांध, आतील गोडे पाणी ओहोटीस सोडण्यासाठी उघाडी, पहिली दोन-तीन वर्षे पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत थांबणे, आणि मग खाऱ्यास टिकणारे भात. आज जेथे चार-चार पदरी रस्ते आहेत, त्यांपैकी पुष्कळ भाग अशाच हातांनी समुद्रापासून सोडविलेला आहे. ज्यांनी ती जमीन घडविली त्यांची नावे मात्र दप्तरात क्वचितच आढळतात.

शिवेपलीकडे साष्टीत निराळाच प्रकार झाला. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनीने गावेच्या गावे धनिकांस दिली. पवईचे गाव फ्रामजी कावसजी यांजकडे १८२९ च्या सुमारास गेले. त्यांनी तेथे ऊस, नीळ व तुती यांची लागवड करून पाहिली. या इस्टेटींच्या साऱ्याच्या सुटी १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्याने रद्द झाल्या. म्हणजे एका लहानशा खाडीच्या दोन काठांवर शे-दीडशे वर्षे दोन प्रकारची धारा नांदली.

मोजणीचेही तसेच. घाटावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापुरापासून जी जमाबंदी चालविली, तिच्यातून आकारबंद व पुढे हक्कनोंदणी निर्माण झाली. मुंबई बेटाची तपशीलवार मोजणी कर्नल लॉटन याने १८६५ ते १८७२ या काळात केली आणि १८७६ च्या दुसऱ्या कायद्याने शहराचा जमीनमहसूल स्वतंत्र नियमांखाली आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही मुंबई शहरासाठी वेगळे प्रकरण आहे. त्यामुळे शिवेच्या दक्षिणेस सात-बाराचा उतारा नाही. तेथे कॅडस्ट्रल सर्व्हेचा क्रमांक व त्याची नोंदवही. उत्तरेस उपनगरात सिटी सर्व्हे व मालमत्ता पत्रक, आणि आणखी पुढे गेल्यावर आपला ओळखीचा सात-बारा.

जिल्हा म्हणजे काय : इंग्लंडातील एक उदाहरण

आपली जिल्ह्याची व्यवस्था इंग्रजांनी बसविली, म्हणून ती इंग्लंडाच्याच नमुन्यावर असेल, असा समज पुष्कळांचा असतो. तो अर्धवट खरा आहे. इंग्लंडातील ग्रामीण परगण्यास 'कौंटी' म्हणतात. त्याच्या पोटात 'पॅरिश' म्हणजे एका देवळाच्या हद्दीतील गाव. कलेक्टर हा अधिकारी तेथे कधीच नव्हता. परगण्याचा कारभार शतकानुशतके तेथील जमीनदारांतून नेमलेले 'जस्टिस ऑफ द पीस' हे बिनपगारी मॅजिस्ट्रेट पाहत. रस्ते, पूल, तुरुंग व दरिद्री लोकांची तजवीज यांच्याच हाती असे. १८८८ च्या कायद्याने तेथे लोकनियुक्त कौंटी कौन्सिले आली व १८९४ मध्ये गावांस पॅरिश कौन्सिले मिळाली.

या जस्टिसांची पद्धत मुंबई शहरात आणली गेली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शहराची सफाई, रस्ते व कर यांचा कारभार जस्टिसांकडे होता. १८६५ साली त्यांची कायदेशीर संस्था झाली आणि १८७२ मध्ये ६४ सभासदांचे कॉर्पोरेशन स्थापन झाले, त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडावयाचे होते. १८८८ चा मुंबई महानगरपालिकेचा कायदा आणि इंग्लंडातील कौंटी कौन्सिलांचा कायदा एकाच सालातले. शिवेच्या दक्षिणेस याप्रमाणे करदात्यास मत मिळाले. उत्तरेस साष्टी तालुका ठाणे जिल्ह्यात, आणि तेथे कलेक्टर, मामलेदार, पाटील व तलाठी ही उतरंड. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली खरी, परंतु त्यांच्या हाती पैसा व अधिकार बेताचेच होते.

इंग्लंडातील रटलंड परगण्याची हकीकत आपल्या विषयास अगदी लागू पडते. हा तेथील सर्वांत लहान ऐतिहासिक परगणा. गहू, मेंढ्या व कुरणे यांचा मुलूख. मुख्य गाव ओकहॅम. १९७४ साली कारभाराच्या सोयीसाठी तो मोडून शेजारच्या लेस्टरशायरमध्ये घालण्यात आला. लोकांनी नाव सोडले नाही, मागणी सोडली नाही, आणि १९९७ च्या एप्रिलपासून रटलंडला पुन्हा स्वतंत्र कौन्सिल मिळाले. आपल्या शिवेपलीकडच्या मुलुखाचेही असेच झाले. १९२० साली साष्टी तालुक्याचे दोन भाग करून दक्षिणेकडचा भाग मुंबई उपनगर जिल्हा म्हणून ठाण्यापासून वेगळा काढला. १९५० मध्ये बृहन्मुंबई झाली व कुर्ल्यासारख्या गावांच्या स्वतंत्र नगरपालिका संपल्या. १९५७ मध्ये महापालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. पुढे शहर व उपनगर मिळून एकच जिल्हा राहिला, आणि १९९० च्या ऑक्टोबरात पुन्हा दोन जिल्हे झाले. आज मुंबई शहराचे जिल्हाधिकारी कोटातील जुन्या जकातघरात बसतात, उपनगराचे वांद्र्यास. उपनगरात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके आहेत. महापालिका मात्र दोन्ही जिल्ह्यांची एकच. तिच्या एफ उत्तर विभागात शीव येते व एल विभागात कुर्ला. आणि या दोन्ही जिल्ह्यांना जिल्हा परिषद नाही. महाराष्ट्रात १९६२ च्या मे महिन्यापासून जिल्हा परिषदा आल्या, त्या ग्रामीण कारभारासाठी. जेथे ग्रामीण भागच उरला नाही तेथे ती संस्था कशास?

शेत शहरात कसे जाते

आता मुख्य प्रश्न. शीव, माटुंगा व दादर येथील भातशेती कोठे गेली? १८९६ साली मुंबईत प्लेगाची साथ आली. दाट वस्ती फोडून मोकळ्या हवेत घरे बांधावीत यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या दादर-माटुंगा व शीव-माटुंगा या योजनांखाली उत्तरेकडील शेतजमीन सक्तीने घेऊन, तिचे सरळ रस्ते व चौकोनी भूखंड पाडून ती पट्ट्याने देण्यात आली. शिवेची योजना सहाव्या क्रमांकाची होती. तेथील जुन्या लोकांच्या पत्त्यांत हा 'स्कीम सहा' शब्द अद्याप आढळतो. १९३३ साली ट्रस्टचे काम महापालिकेकडे गेले.

हेतू चांगला होता आणि रस्ते, गटारे व घरेही चांगली झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जमीन घेताना जो वाद उद्भवतो तो आजच्या शेतकऱ्याचाही आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे नोटीस निघाली त्या दिवशीचा बाजारभाव व वर शेकडा पंधरा द्यावयाचे. बाजारभाव कशाचा? भाताच्या खाचराचा, की उद्या होणाऱ्या घराच्या जागेचा? घेणारा म्हणतो खाचराचा, देणारा म्हणतो घराच्या जागेचा. आणि कसणारा कुळवाडी व दप्तरातील धारक हे दोन असतील तर मोबदल्याची रक्कम धारकाकडे जाते, आणि ज्याने बांध घातला तो रस्त्याच्या कामावर मजूर म्हणून उभा राहतो.

२०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात मोबदल्यावर शेकडा शंभर दिलासा रक्कम आहे. शिवाय बाजारभावास गुणावयाचा जो गुणक आहे, तो शहरी भागात एक व ग्रामीण भागात, शहरापासूनच्या अंतराप्रमाणे, एक ते दोन असा ठेवला आहे. म्हणजे आपले शेत नगरपालिकेच्या हद्दीच्या कोणत्या बाजूस आहे, यावर त्याच जमिनीचा मोबदला बदलू शकतो. हद्दवाढीची अधिसूचना निघते त्या वेळी ती वाचण्याची तसदी गावात कितीजण घेतात, हे वाचकांनी आपल्याशीच विचारून पाहावे.

कोळीवाडा : ज्याची नोंद नाही ते

शीव गावात सर्वांत जुनी वस्ती कोळ्यांची. खाडीतील मासळी, जवळचे मिठागर आणि थोडे भात यांवर तिचा निर्वाह चाले. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाब व सिंधकडील निर्वासितांस या भागात आसरा मिळाला. तेथील हार्बर मार्गावरील स्टेशनाचे जुने नाव कोळीवाडा असे होते. ते आज गुरु तेग बहादूर नगर आहे. विधानसभेच्या मतदारसंघात मात्र सायन-कोळीवाडा हे नाव टिकून आहे. निर्वासितांचे दुःख मोठे होते व त्यांनी कष्टाने तेथे संसार उभे केले, याबद्दल आदरच वाटतो. आमचा प्रश्न निराळा आहे. चोहोंकडून शहर वाढत असता जुन्या गावाची हद्द किती, हे कोणी आखून ठेवले होते काय?

कोळीवाड्यात घराखालची जागा तेवढी वहिवाटीची म्हणून दाखविता येते. परंतु जाळी विणण्याचा चौक, मासळी वाळत घालण्याचे पटांगण, होड्या ओढून ठेवण्याचा किनारा व खाडीवर जाण्याची वाट ही सर्वांची. म्हणून कोणा एकाच्या नावावर नाहीत. आपल्याकडील खळवाडी, गायरान, पाणंद व गुरांच्या पाणवठ्याची जागा यांची गत हीच. जोपर्यंत जमिनीस मोल नसते तोपर्यंत वहिवाट हाच पुरावा पुरतो. मोल आले की कागद विचारला जातो. मुंबईतील कोळीवाड्यांचे सीमांकन करण्याचा प्रश्न अलीकडच्या काळात शासनापुढे व महापालिकेच्या विकास आराखड्यात आला, तो यामुळेच. सीमा आखलेली नसली म्हणजे जुने गावठाण व नंतरची दाटीची वस्ती यांतील भेद पुसला जातो, आणि शेकडो वर्षांच्या रहिवाशास आपण येथले मूळचे आहोत हे सिद्ध करीत बसावे लागते.

याच प्रसंगी इंग्लंडातील आणखी एक गोष्ट सांगतो. तेथे गावोगाव सामाईक कुरणे असत. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत कायदे करून त्यांपैकी बहुतेक कुंपणात घालून खासगी केली गेली. जी उरली त्यांची नोंद व्हावी म्हणून १९६५ साली कायदा झाला आणि त्यात मुदत ठरविली. त्या मुदतीत ज्या कुरणाची नोंद झाली नाही ते कायद्याने सामाईक मानावयाचे नाही, असे त्याचे कलम होते. हक्क रक्षिण्यासाठी केलेल्या कायद्यानेच, नोंद न करणाऱ्याचा हक्क बुडाला. आमच्याकडे २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याबद्दल सर्व राज्यांस आदेश दिले. परंतु जमीन सामाईक असल्याची नोंदच दप्तरात नसेल तर त्या आदेशाचा आधार गाव कशावरून घेणार?

वाचकांस सूचना

ठाणे, पालघर, रायगड, नाशिक व पुणे या जिल्ह्यांतील आमच्या वाचकांच्या दाराशी आज ती स्थिती आली आहे, जी शिवेच्या शेतकऱ्यापुढे सव्वाशे वर्षांपूर्वी होती. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक जमीनधारकाने कराव्यात असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

(१) सात-बारा, आठ-अ व फेरफार यांचे उतारे वर्षातून एकदा तरी काढून वाचावेत. वडिलांचे नाव अद्याप चालू असल्यास वारसनोंद त्वरित करून घ्यावी. जमिनीत हक्क प्राप्त झाल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळविणे हे कायद्याने धारकाचे कर्तव्य आहे.

(२) मोजणीचा नकाशा जवळ ठेवून हद्दीचे दगड जागेवर आहेत किंवा नाहीत हे पाहावे. त्यांची निगा राखण्याची जबाबदारी धारकावरच आहे. बांध कोरण्याची खोड आपणांस असल्यास ती टाकावी. शेजाऱ्यास असल्यास तोंडाने भांडत न बसता मोजणीचा अर्ज द्यावा. वीतभर बांधासाठी दोन भावांनी वीस वर्षे कोर्टात घालविली आणि मग सबंध शेतच रस्त्यात गेले, असे होऊ नये.

(३) गावठाणाची हद्द, खळवाडी, गायरान, पाणंद, स्मशान व पाणवठा यांच्या नोंदी ग्रामसभेत वाचून घ्याव्यात. जी नोंद नाही तिच्यासाठी गावाने एकमताने अर्ज करावा. हे काम कोणा एकाचे नसल्यामुळे ते कोणीच करीत नाही.

(४) जमीन दुसऱ्याने कसावयाची असेल तर तिचा प्रकार व काळ कागदावर असावा, व कसणाऱ्याचे नाव पीकपाहणीत खरे लागावे. धारकास हे प्रथम अप्रिय वाटेल. पण खऱ्या नोंदीने दोघांचेही रक्षण होते.

(५) हद्दवाढ, विकास आराखडा किंवा संपादन यांची अधिसूचना निघाली म्हणजे हरकतीची मुदत किती हे प्रथम पाहावे व हरकत लेखी द्यावी. मुदतीनंतरच्या शंभर सभांपेक्षा मुदतीतला एक अर्ज अधिक उपयोगी पडतो.

(६) ओढा, नाला व खाजण यांत भराव घालून मिळविलेली जमीन आपली समजू नये. तिचा हिशेब पाणी केव्हातरी करते. शिवेच्या लोकांनी तो २००५ साली पाहिला.

शिवच्या टेकडीवर चढून उत्तरेकडे पाहिले असता आज खाडीच्या दोन्ही काठांवर सारखीच घरे दिसतात. कोणता मुलूख पेशव्यांचा व कोणता कंपनीचा, हे कोणी बोट दाखवून सांगू शकणार नाही. तरीही दोन जिल्ह्यांची दप्तरे वेगळी आहेत, आणि त्या दप्तरांत ज्याचे नाव आहे त्याचेच म्हणणे ऐकले जाते. पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी शेतकऱ्यास थोडी सवड असते. तेवढ्या अवधीत वाचकांनी आपल्या शिवारास एक फेरी मारून दगड मोजावेत व घरी येऊन उताऱ्याशी ताडून पाहावेत, इतकी विनंती करून हा लेख पुरा करतो.